बायकांची मॅच कोण बघतंय व्हय?

कालपासून डोकं फिरलंय माझं. लिहून टाकल्याशिवाय झोप लागायची नाही.

काल, २० ऑगस्ट २०२३ला, सिडनीत महिलांच्या फुटबॉल विश्वचषकाची फायनल झाली. स्पेन आणि इंग्लंड. आपल्याकडे दुपारी साडेतीनला, तीही रविवारी. ना जागरण, ना शाळा, ना ऑफिस. माझी तेरा वर्षांची पुतणी गोलकीपर आहे, महिनाभर दिवस मोजत होती पोरगी. म्हणून आठवडाभर आधीच मी पेठेतल्या मंडळाच्या पोरांकडं गेले. म्हटलं, डिसेंबरात लावला तसा पडदा लावा, भाड्याचे पैसे मी देते. तर उत्तर काय? "वहिनी, बायकांची मॅच कोण बघतंय व्हय?"

याच पोरांनी १८ डिसेंबरला पुरुषांच्या विश्वचषकाच्या फायनलला चौक अडवला होता. मेस्सीचा हा एवढा कटआउट, घराघरांवर निळे-पांढरे झेंडे, पेनल्ट्या संपल्या तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजत आले होते आणि त्यानंतर फटाके. माझ्या सासूबाईंना बीपीचा त्रास, तरी आम्ही चकार शब्द काढला नाही. उलट चहाची किटली भरून खाली पाठवली. फुटबॉल कोल्हापूरच्या रक्तात आहे म्हणून छाती ठोकता ना? मग हे प्रेम चेंडूवर आहे, की त्याच्यामागं कोण पळतंय ते बघून ठरतं?

शेवटी स्वयंपाकघरात तेलाच्या बरणीला फोन टेकवून आम्ही चौघींनी मॅच बघितली. एकोणतिसाव्या मिनिटाला स्पेनच्या कार्मोनानं डाव्या पायानं लांबच्या कोपऱ्यात असा काही जमिनीलगत मारला की मी लाटणं हातात घेऊन उठलेच. दुसऱ्या हाफमध्ये स्पेनला पेनल्टी मिळाली. पुतणी ग्लोव्हज घालूनच बसली होती, श्वास रोखून. स्पेनची हेर्मोसो चेंडूकडं निघाली आणि फोनवर ते चक्र गरगरायला लागलं. चित्र परत आलं तेव्हा चेंडू इंग्लंडच्या मेरी अर्प्सच्या हातात होता. तिनं अडवला, नुसता अडवला नाही, धरला! जी एक गोष्ट शिकायला ही पोरगी रोज सकाळी मैदानात गुडघे फोडून घेते, तीच तिला बघायला मिळाली नाही. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. दहा फुटांचा पडदा चार घरं सोडून मंडळाच्या खोलीत गुंडाळून पडला होता आणि ही तळहाताएवढ्या काचेत डोकं घालून बसली होती.

आणि कोण बघतंय म्हणे! त्या स्टेडियममध्ये ७५,७८४ माणसं होती.

खरा संताप तर आजचा आहे. मॅच स्पेननं एक-शून्यनं जिंकली आणि त्यांच्या फुटबॉल फेडरेशनच्या अध्यक्षानं बक्षीस समारंभात हेर्मोसोचं डोकं दोन्ही हातांनी धरून तिच्या ओठांचा मुका घेतला. भर स्टेजवर, जगासमोर. मला ते आवडलं नाही, असं ती ड्रेसिंग रूममध्येच बोलली. आणि तो व्हिडिओ आमच्या पेठेच्या ग्रुपवर सकाळी सात वाजता टाकला कुणी? "कोण बघतंय" म्हणणाऱ्यानंच! खाली हसण्याच्या इमोजींची रांग. नव्वद मिनिटांतलं एक मिनिट ज्यांनी बघितलं नाही, त्यांना हे बरोबर सापडलं. गोल कुणी मारला विचारा, एकाला सांगता येणार नाही. मॅच संपल्यावर त्या कार्मोनाला वडील गेल्याचं कळलं, हे कुणाच्या गावीही नाही. मागच्या वर्षी याच स्पेनच्या पंधरा मुली संघातल्या कारभाराविरुद्ध उभ्या राहिल्या होत्या, त्यातल्या तीनच या विश्वचषकाला गेल्या. ते तर सोडूनच द्या. मी ग्रुपवर लिहिलं, हसण्यासारखं काय आहे यात? तर म्हणे, वहिनी, चेष्टा हो.

चेष्टा नाही ती. त्या ग्रुपवर माझी पुतणीही आहे. तिनंही ते हसणं वाचलंय. आज संध्याकाळी ती प्रॅक्टिसला गेली नाही.

महिन्याभरात गणपती आहेत. पडदा बाहेर निघेल, वर्गणीची पावती घेऊन हीच पोरं दारात येतील. तेव्हा मी पुढं होणार नाही. पुतणीला पाठवणार आहे दार उघडायला. काय विचारायचंय ते तिलाच विचारू दे.