फॉर-ईचमध्ये ‘अवेट’ टाकून रांग लागत नाही

जळगाव-धुळ्याकडे जावास्क्रिप्ट शिकणाऱ्या पोरांत एक मेसेज फिरतोय: ‘फॉर-ईचमध्ये अवेट लिहा, कामं एकामागून एक होतात. तरी क्रम चुकला तर प्रॉमिस-ऑल वापरा. जावास्क्रिप्ट सिंगल थ्रेडेड आहे, गोंधळ होतच नाही.’ तीन वाक्यं, तिन्ही दिशाभूल करणारी.

आधी फॉर-ईच, म्हणजे यादीतल्या प्रत्येक घटकासाठी आपलं फंक्शन चालवणारी सोय. आपलं अ‍ॅसिंक फंक्शन (ज्यात अवेट लिहिता येतं) जे प्रॉमिस, म्हणजे ‘उत्तर नंतर देतो’ अशी हमी, परत करतं, त्याकडे फॉर-ईच ढुंकूनही बघत नाही. अवेट म्हणजे प्रॉमिसचं उत्तर येईपर्यंत थांबणं, पण ते थांबवतं फक्त स्वतःच्या फंक्शनला. फॉर-ईच तोवर पुढच्या घटकाकडे गेलेला असतो. समजा, रावेरहून निघालेल्या केळीच्या ३ ट्रकांच्या पावत्या करायच्या आहेत. डेटाबेसमधला शेवटचा नंबर वाचायचा, १ मिळवायचा, पावती साठवायची. तिन्ही फंक्शनं आपापल्या पहिल्या अवेटपाशी थांबतात, म्हणजे नंबर वाचायची मागणी तिघांचीही आधीच गेलेली असते. तिघांना ४१ मिळतो आणि तिन्ही ट्रकांवर पावती ४२ चढते. आणि हे सगळं एकाच थ्रेडवर! एका क्षणी एकच कोड चालतो हे खरं, पण एक काम अवेटपाशी थांबलं की त्या फटीत दुसरं काम घुसू शकतं.

वर बाहेरच्या ट्राय-कॅचला (चूक पकडणाऱ्या कोडला) आतली चूक सापडत नाही. नोड या सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या १५ व्या आवृत्तीपासून अशी न पकडलेली चूक अख्खी प्रोसेस बंद पाडते.

इलाज साधा आहे: अ‍ॅसिंक फंक्शनात फॉर-ऑफ हा साधा लूप, आणि त्यात अवेट. फक्त प्रॉमिसांची यादी आधी बनवून तिच्यावर फॉर-ऑफ फिरवू नका. प्रॉमिस हातात आलं तेव्हाच काम सुटलेलं असतं. यादी ट्रकांची ठेवा, प्रॉमिस फेरीच्या आत बनू द्या.

प्रॉमिस-ऑल (अनेक प्रॉमिसांची एकत्र वाट पाहणारी सोय) उत्तरं क्रमाने देतं, कामं क्रमाने करत नाही. एक फसलं की ते लगेच हात वर करतं, बाकीची कामं मात्र मागे चालूच राहतात. कामं एकमेकांवर अवलंबून नसतील तिथे ते उत्तमच: ५ बाजार समित्यांचे भाव आणायला प्रत्येकी २०० मिलिसेकंद लागत असतील, तर रांगेत १ सेकंद जाईल, एकत्र साधारण २०० मिलिसेकंद.

फॉर-ऑफची रांगही त्या एका लूपपुरतीच. दोन कारकुनांनी एकाच वेळी बटण दाबलं तर ४२ पुन्हा दोनदा निघेल. त्यामुळे पावती नंबरच्या रकान्यावर युनिक बंधन (तोच नंबर दुसऱ्यांदा साठवू न देणारं) हवंच. ऑटो-इन्क्रिमेंटवर (डेटाबेसने आपोआप दिलेल्या पुढच्या नंबरावर) विसंबलात तर रद्द झालेल्या ट्रान्झॅक्शनचा, म्हणजे ‘सगळं किंवा काहीच नाही’ अशा कामांच्या गटाचा, नंबर मध्येच गळतो. सलग नंबर हवे असतील तर ट्रान्झॅक्शनमध्ये नंबरची ओळ लॉक करून, म्हणजे इतरांना तोवर थांबवून, वाढवा.