वरून गोल खड्डे दिसले, म्हणून ती अश्मयुगीन खाण ठरत नाही

इंग्लंडमधल्या शेतांचे उपग्रहावरून घेतलेले फोटो जोडून एक मजकूर फिरतो आहे: 'गोल खड्ड्यांचा पुंजका दिसला की ती अश्मयुगातली चकमकीच्या दगडाची खाणच. ग्राइम्स ग्रेव्ह्ज ही इंग्लंडमधली खाण अशीच विमानातून सापडली. आता खोदायची गरज नाही.' असे फोटो मी तासन्‌तास बघत बसतो, म्हणूनच हे खोडून काढावंसं वाटलं.

आधी गोल खड्डे. तिथे जमिनीखाली खडूचा खडक आहे. पावसाचं पाणी तो विरघळवतं आणि वरची माती आपसूक खचते. शेतात टाकायला खडू हवा म्हणून शेतकऱ्यांनीही पिढ्यान्‌पिढ्या खड्डे काढले. महायुद्धात बॉम्ब पडले, त्यांचेही खड्डे गोलच. सगळ्यांत फसवी जागा तर ग्राइम्स ग्रेव्ह्जपासून थोड्याच अंतरावर आहे, ब्रँडन गावाजवळ लिंगहीथला. तिथले खड्डे खरोखर चकमकीच्या खाणींचे आहेत, पण ती चकमक बंदुकीच्या घोड्यात बसवायची. नेपोलियनशी लढणाऱ्या सैन्याला ती ब्रँडनहून जायची. फोटो बघून तिला अश्मयुगीन म्हटलं, तर 4000 वर्षांहून मोठी चूक होते.

ग्राइम्स ग्रेव्ह्ज विमानातून सापडली, हे तर साफ खोटं. तिथले 400 हून जास्त खोलगट खड्डे चालत गेलं तरी दिसतात. ते कशाचे, हे पाद्री विल्यम ग्रीनवेल यांनी 1868 ते 1870 मध्ये एक खड्डा तळापर्यंत उपसला तेव्हा कळलं. राइट बंधूंचं विमान उडायला अजून 33 वर्षं होती.

फोटोचा उपयोग आहेच. बुजलेल्या खड्ड्यातली माती ओल धरते, कोरड्या उन्हाळ्यात तेवढंच पीक हिरवं राहतं आणि वरून ठिपके उमटतात. कुठे बघायचं ते त्यावरून कळतं. पण खड्डा किती खोल, कोणत्या काळातला, हे ठिपका सांगत नाही.

ते सांगितलं ग्रीनवेल यांच्या खड्ड्याने. सुमारे 12 मीटर खाली काळ्या चकमकीचा थर होता, त्याच्या मागाने चहूकडे बोगदे गेले होते आणि त्यांत सांबराएवढ्या तांबड्या हरणांच्या शिंगांचे टिकाव पडले होते. अशाच शिंगांमधल्या कार्बनवरून पुढे या खाणींचा काळ ठरला: इ.स.पू. 2600 च्या आसपास. ग्रीनवेल यांना मिळालेल्या टिकावांपैकी काहींवर खडूची पूड थिजली होती. त्या पुडीत, टिकाव धरणाऱ्याच्या बोटांचे ठसे होते.