हळदीच्या गोळ्या आणि सिस्प्लॅटिन : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. सिस्प्लॅटिन या कर्करोगावरच्या केमोथेरपीच्या औषधामुळे मूत्रपिंडांना होणारी इजा हळदीतले कर्क्युमिन रोखते, असे उंदरांवरच्या अनेक प्रयोगांत दिसले असताना केमोथेरपीच्या काळात हळदीच्या गोळ्या टाळायला सांगणे हा आपल्या परंपरेचा अनादर आहे, असा आपला आक्षेप आहे. प्रयोगांबद्दलचे आपले म्हणणे मला मान्य आहे. ‘हळदीचा काडीचाही उपयोग नाही’ हे माझे वाक्य चुकीचे होते आणि ते मी लेखातून काढले आहे.

मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नलिकांच्या पेशी रक्तातले सिस्प्लॅटिन आत ओढून घेतात. ते तिथे साठते, ऑक्सिडेशनचा ताण वाढतो आणि पेशी मरू लागतात. कर्क्युमिन हा ताण कमी करते, म्हणून त्या उंदरांचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडे नीट गाळत नसली की रक्तात वाढणारा घटक) कमी चढते.

प्रश्न मात्रेचा आहे. मोठ्या उंदराला (रॅटला) वजनाच्या किलोमागे 200 मिलिग्रॅम कर्क्युमिन दिले, तर नुसत्या वजनाच्या नव्हे, शरीराच्या पृष्ठभागाच्या रूढ हिशेबाने 60 किलोच्या माणसाला सुमारे 1.9 ग्रॅम लागेल. हळदीत ते साधारण 3 टक्के धरले, तर रोजची जवळजवळ 65 ग्रॅम हळद होते. मी ती काट्यावर मोजली, तेव्हा मिसळणाच्या डब्यातली वाटी शिगोशीग भरूनही हळद उरली. शिवाय कर्क्युमिन आतड्यातून फारच थोडे शोषले जाते, म्हणून अनेक गोळ्यांत मिरीतले पिपरीन घालतात, आणि तेच पिपरीन यकृतात इतर औषधांचे विघटन मंदावू शकते. हळदीत ऑक्सलेटही भरपूर असते, त्यामुळे दुखावलेल्या मूत्रपिंडांवर गोळ्यांचा आणखी भार टाकणे मला धोक्याचे वाटते.

याहून मोठी अडचण अशी, की यांतले कित्येक प्रयोग गाठ नसलेल्या, निरोगी उंदरांवर झालेले आहेत. जे संरक्षण मूत्रपिंडाला मिळते तेच गाठीलाही मिळाले, तर ज्यासाठी रुग्ण एवढे सोसतो ते औषधच लंगडे पडेल.

माझ्या मावशीच्या उपचारांत मी जवळून पाहिले, ते सलाइन, त्यातले मॅग्नेशियम आणि पलंगाखालचे लघवी मोजायचे भांडे. परिचारिका दर वेळी आकडा वहीत लिहीत असे. आज मूत्रपिंडे वाचवण्याचा भरवशाचा मार्ग मुख्यतः हाच आहे.

आपल्या घरी कुणाचे उपचार सुरू असतील, तर आमटी-भाजीतली हळद खुशाल चालू द्या. गोळ्यांची बाटली मात्र आधी डॉक्टरांना दाखवा. केमोनंतर लघवी कमी झाली किंवा उलट्यांमुळे पाणीही पोटात ठरेनासे झाले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी कळवा.