गांजाच्या तेलाने कॅन्सर बरा होत नाही, तो मेसेज पुढे पाठवू नका

मावशीची चौथी केमो मंगळवारी होती आणि सोमवारी रात्री तिचा फोन, "अगं, ते तेल सुरू करून आठ दिवस झाले, आता केमो नाही घेतली तर चालेल ना?" कुठलं तेल, तर गांजाचं. भजनी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: गांजाने कॅन्सर मुळापासून बरा होतो, अमेरिकन सरकारने कबूल केलंय, औषध कंपन्यांनी दाबून ठेवलंय, 1985 पर्यंत आपल्याकडे राजरोस मिळायचा, सवय लागत नाही, म्हणून कायदेशीर करा. खाली ऑर्डरसाठी नंबर.

आधी कॅन्सरचंच घेते, कारण त्यात जीव जातो. गांजातल्या काही घटकांनी प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशी मरतात हे खरंय, उंदरांवरही प्रयोग झालेत, पण तिथून माणूस बरा होण्यापर्यंत फार लांबचा पल्ला आहे. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीज या वैज्ञानिक संस्थांचा 2017 चा अहवाल आहे, दहा हजारांवर शोधनिबंधांचे सारांश तपासून केलेला. केमोनंतरची मळमळ-उलट्या आणि मोठ्या माणसांचं जुनाट दुखणं यावर उपयोग होतो, असं त्यात मान्य केलंय. कॅन्सर बरा होतो याला मात्र पुरेसा पुरावा नाही असं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे केमो सोसवावी म्हणून जे उपयोगी पडू शकतं, त्याच्या नावावर केमोच सोडायला लावतायत! आणि दाबून कसलं ठेवलंय, गांजातल्या घटकावर आधारित मळमळीवरच्या गोळ्यांना अमेरिकेत 1985 मध्येच मान्यता मिळालीय आणि त्या औषध कंपन्याच विकतात. शिवाय सीबीडी या गांजातल्या नशा न आणणाऱ्या घटकामुळे यकृताचं काम बदलतं आणि दुसऱ्या औषधांचं रक्तातलं प्रमाण वरखाली होऊ शकतं, त्यामुळे डॉक्टरांपासून लपवून घेणं तर अजिबात नको.

बाटली मी पाहिली. मसाल्याच्या डब्यामागे ठेवलेली, काळपट हिरवं तेल, लेबलवर एक पान आणि 'शुद्ध'. टीएचसी (नशा आणणारा घटक) किती, सीबीडी किती, कोणी बनवलं, बॅच नंबर, काही म्हणजे काही नाही. साडेचार हजार रुपये घेतले तिच्याकडून.

1985 चं अर्धं खरंय, मान्य. त्याआधी परवान्याच्या दुकानांत गांजा मिळायचा, एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याने तो बंद झाला, आणि 1961 च्या आंतरराष्ट्रीय कराराचं बंधन त्यामागे होतं. भांग मात्र त्या कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत येत नाही. पण सवय लागत नाही हे साफ खोटं, एम्सच्या 2019 च्या सर्वेक्षणात भांग-गांजा-चरसच्या वापरामुळे मदतीची गरज असलेले लोक 72 लाखांच्या आसपास आहेत.

आणि मी गांजा कायदेशीर करण्याच्या विरोधात नाहीये. किलोच्या आत गांजा सापडला म्हणून पोराला वर्षभर जेल होऊ शकते, हे मला पटत नाही. पण कायदेशीर करायचं ते नियम लावायला, वयाची अट, तपासणी, लेबलवर प्रमाण, खोटे दावे करणाऱ्यावर कारवाई. हे सगळं आलं तर हा नंबरवाला पहिला आत जाईल.

मावशीची केमो शुक्रवारी झाली, बाटली डॉक्टरांना दाखवली. मेसेज अजून ग्रुपवर आहे. तुमच्या घरात कोणी ट्रीटमेंट घेत असेल तर आजच विचारा, रागावू नका, नाहीतर ते लपवतात.