मात्शें राव गो! (थोडं थांब गं!)

दर डिसेंबरात माझ्या नाशिकच्या मैत्रिणी मेसेज करतात, "यंदा गोव्यात काय खाल्लंस, काय प्यालीस, यादी पाठव." त्यांना यादी हवी असते हॉटेलांची. लग्न होऊन मी फोंड्याला आले त्याला अकरा वर्षं झाली, आणि पहिली काही वर्षं मी अशा याद्या पाठवल्याही. यंदा पाठवत नाही. वर्षभरात जे जिभेवर राहिलं, त्यातलं जवळजवळ काहीच मेनूकार्डावर नव्हतं. म्हणून इथेच सविस्तर लिहिते.

माझे वडील, नाना, दिंडोरी तालुक्यातले द्राक्षबागायतदार. थोड्या क्षेत्रावर वाइनची द्राक्षंही आहेत, शेनिन ब्लांक. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी या दोन तारखा सांभाळूनच आमच्याकडे लग्नकार्यं ठरतात. नाना आजवर गोव्याला आले ते मंगेशी आणि शांतादुर्गेच्या दर्शनाला, दोन दिवसांत परत. यंदा खरड छाटणी उरकली आणि फोन आला, "तुमच्याकडे काजूची दारू कशी काढतात ते बघायचंय मला." आमच्या ह्यांच्या मित्राची सत्तरीत, वाळपईच्या पुढे भट्टी आहे. आम्ही तिथे गेलो.

भट्टीच्या अलीकडूनच वास येतो. पिकलेल्या बोंडूंचा, म्हणजे काजूच्या फळांचा, गोड, थोडा आंबूस, नाकात बसून राहणारा वास. इथे फळ झाडावरून तोडत नाहीत. पिकून आपोआप खाली पडलेलं वेचायचं, बी पिळून वेगळी करायची आणि बोंडू कोळमीत, म्हणजे हौदात, टाकून पायांनी तुडवायचे. तुडवलेल्या चोथ्याचा ढीग वेलीनं आवळून बांधतात, त्यावर दगडाचं वजन ठेवतात, आणि मग त्यातून थेंब थेंब जो नितळ रस गळतो तो नीरो. तो आंबवायच्या आधी, तिथेच उभं राहून प्यायचा. मी अकरा वर्षांत नीरो बाटलीतून प्याले होते. ढिगाखाली धरलेल्या पेल्यातून पहिल्यांदाच. गोड, किंचित तुरट, आणि घशाशी काजूची ती खास खरखर.

नाना खिशात हात घालून सगळं बघत होते. त्यांच्या बागेत साखर मोजायचं यंत्र असतं, ब्रिक्स किती आला यावर तोडणीचा दिवस ठरतो. त्यांनी भट्टीवाल्या काकांना विचारलं, "साखर किती भरते याची?" काकांनी बोट बुडवून चाटलं आणि म्हणाले, "बरी आसा." पुढचा प्रश्न, आंबवण पूर्ण झालं हे कसं कळतं? काकांनी त्यांना पिंपाजवळ नेलं. आत बारीक बुडबुड चालली होती, वर फेस. "फेंस बसलो की जालें." नाना वाकून, कान लावून ऐकत राहिले. दोन शेतकरी, एकाला कोकणी येत नाही, दुसऱ्याचं मराठी अडखळतं, आणि दोघं एका पिंपावर वाकलेले. हे दृश्य मी विसरणार नाही.

आंबलेला रस तांब्याच्या भाणात, म्हणजे हंड्यात, उकळतो, वाफ नळीतून लावणीत, म्हणजे ती गोळा करायच्या भांड्यात, जाते, लावणी पाण्यानं सतत गार ठेवायची. या पहिल्या भट्टीतून उतरतं ते हुर्राक. हे हलकं, पंधरा टक्क्यांच्या आसपास, आणि टिकत नाही. त्या मोसमात प्यायचं, नाहीतर पुढच्या वर्षाची वाट बघायची. हुर्राकात पुन्हा आंबलेला रस घालून दुसऱ्यांदा भट्टी लावली की फेणी, बेचाळीस-पंचेचाळीस टक्क्यांची. आम्ही हुर्राक घेतलं ते लिंबू, मीठ, चिरलेली हिरवी मिरची आणि सोडा घालून, पत्र्याच्या शेडखाली. नानांनी मात्र आधी नुसतंच घोटभर घेतलं, तोंडात फिरवलं. बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "यात फळ आहे गं अजून."

हे ऐकताना मला माझीच जुनी वाक्यं आठवत होती. पहिल्या वर्षी मी फेणीच्या वासानं तोंड फिरवलं होतं. आणि आजही पुण्या-मुंबईहून येणारे, वाइनच्या पेल्यात पेरूचा वास आहे की लिची ते बारकाईनं सांगणारे लोक फेणीला एका शब्दात मोडीत काढतात: वास येतो. अहो, वास येणारच, फळाचा आहे! नाशिकच्या वाइनला भौगोलिक मानांकन आहे तसं काजू फेणीलाही आहे, 2009 पासून. 2016 मध्ये गोवा सरकारनं तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून काजूचं झाड आणलं, पण बोंडूचं हे जे केलं ते इथल्या माणसांनी. माझं स्पष्ट मत आहे की चांगल्या फेणीला चांगल्या वाइनइतकाच वेळ द्यायला हवा. लहान पेल्यात, नुसती, जेवणानंतर, घाई न करता.

मे महिन्यातल्या माणकुराद आंब्याबद्दल फार लिहीत नाही. पहिल्या आठवड्यात भाव ऐकून परत फिरायचं आणि नंतर आठवडाभर तेच खायचं. हापूसवाल्यांशी वाद घालायची माझी इच्छा नाही, पण मी बाजू बदललेली आहे.

जूनमधली एक गोष्ट मात्र मनाला लागली, ती सांगते. 1 जून ते 31 जुलै यांत्रिकी होड्यांना मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा काळ, शिवाय समुद्र खवळलेला. हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तरी पाहुणे आले म्हणून आम्ही किनाऱ्यावरच्या एका नावाजलेल्या ठिकाणी गेलो, आणि "आजच आलेला ताजा इसवण" (म्हणजे सुरमई) असं सांगून आम्हाला बर्फात किती दिवस पडलेला कोण जाणे असा मासा वाढला. तंतू तंतू झालेला, चव नसलेला. बिल मोठं आलं याचं दुःख नाही. दुःख याचं की पाहुणे हाच गोव्याचा मासा समजून परत गेले. त्याच दिवसांत घरी काय होतं? सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, किसमूर, ओलं खोबरं, कांदा, चिंचेचा कोळ, सोबत उकडा तांदूळ आणि सोलकढी. मे महिन्यात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरताना आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, सुकी सुंगटं, सोलं (आमसुलं), मिरच्या सगळं डब्यांत भरून ठेवलेलं असतं. पावसाचे दोन महिने कसे काढायचे हे या घरांना पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. हॉटेलांनी जूनमध्ये किसमूर वाढावी, नदीतले शेवटे मासे वाढावेत, आणि समुद्राचा मासा मागणाऱ्याला सरळ सांगावं, ऑगस्टात या. मी आनंदानं पैसे देईन.

जुलैत आळमी. रोयणीवर, म्हणजे वारुळावर, उगवणारी ही रानटी अळंबी, पानांच्या पुडीत बांधून रस्त्याकडेला विकायला बसतात. ती वाळवीच्या सोबतीनंच वाढतात, त्यामुळे कुणी शेतात लावू म्हटलं तर येत नाहीत. यंदा आम्हाला एकच पुडी मिळाली, एकदाच, आणि त्याची शागुती, म्हणजे खोबऱ्याच्या वाटणाचा रस्सा, आईंनी एवढ्या जपून केली की त्या दिवशी स्वयंपाकघरात मोठ्यानं बोलायचीही सोय नव्हती. कळ्या असतानाच सगळी उपटून आणणं आता फार वाढलंय, ते थांबायला हवं. आधी फुलू दिली तरच बीजं पसरतात.

आता माझ्या मते वर्षातलं सगळ्यात मोठं जेवण.

एप्रिलमध्ये नाना जाताना शेनिन ब्लांकची एक बाटली ठेवून गेले होते, त्यांच्या बागेतली द्राक्षं जिथे जातात तिथली. "पहिल्या बांगड्याबरोबर उघड," म्हणाले. मी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातच उघडायच्या तयारीत होते. बंदी उठली, बाजारात मासा आला. आई म्हणाल्या, "मात्शें राव गो, श्रावण न्हय?" श्रावण संपला, तर चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, आली. चवथीत मासळी नाही. पण चवथीचं खतखतें होतं, आणि त्याच्यासाठी मी बाटली आणखी वर्षभरही ठेवली असती. सुरण, रताळं, मुळा, भोपळा, निरफणस, शेंगा, मक्याचे तुकडे, माटोळीच्या (गणपतीवर बांधायच्या फळांच्या मांडवाच्या) बाजारातून आणलेली आंबाडं, गूळ, सोलं आणि वर ठेचलेली हिरवी तिरफळं. कांदा-लसूण नाही. एकाच पातेल्यात इतक्या भाज्या, आणि प्रत्येक वेगळी ओळखू येते. तिरफळ ज्यांनी ओलं खाल्लेलं नाही त्यांना ते शब्दांत सांगणं कठीण: लिंबाच्या सालीचा वास, मिरीचा झणका, आणि मग ओठांना आलेली बारीक मुंगी.

गणपती विसर्जन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी फोंड्याच्या मासळीबाजारात पाय ठेवायला जागा नव्हती, सगळं गाव जणू एकाच रांगेत. आमच्या ह्यांनी बांगडे आणले. आईंनी हुमण केलं: खोबरं आणि सुकी मिरची गुळगुळीत वाटून, आंबटाला सोलं, फोडणी नाही, शेवटी तिरफळं. मी बाटली गार करून ठेवली. आईंना शंका. पेल्याचा वास घेऊन म्हणाल्या, "तिरफळांचो वास मरना न्हय?"

नाही मेला. उलट दोन्ही खुलले. माशाबरोबर लाल वाइन मला कधीच झेपत नाही, बांगड्यासारख्या तेलकट माशाबरोबर तर तोंडात लोखंडाची चव राहते. खूप चढी वाइन मिरचीचा जाळ वाढवते. पण शेनिनला अंगची आंबट धार असते, ती सोलांशी जुळली. आणि त्या बाटलीत जो हलका गोडवा होता त्यानं मिरचीला मऊ केलं. घोटानंतर तिरफळाचा लिंबासारखा वास परत वर आला. माझ्या माहेरची बाग आणि सासरचं पातेलं पहिल्यांदा एका ताटावर बसलं होतं. मी नानांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी ताट बघितलं, बांगडा बघितला, आणि विचारलं, "बाटली फार थंड नाही ना केलीस?" आईंनी दोन घोट घेतले. तिसरा मागितला.

रोजच्या गोष्टींबद्दल थोडक्यात. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा, सायकलवरची टोपली, कोंड्याची पोई, म्हणजे पाव. पूर्वी पाव आंबवायला माडाची सूर, म्हणजे माडी, वापरत. माडावर चढणारे रेंदेर आता फार थोडे उरले, म्हणून यीस्ट आलं. तरी ती गरम पोई आणि पातळ भाजी, याच्याइतकी चांगली न्याहारी मी कुठेच केली नाही.

आणि परवाचं. शेजारच्या आंटींकडे नाताळाआधी विंदालू करतात. इतकी वर्षं मी तिथे फक्त बेबिंका, म्हणजे थरांचा गोड केक, खायची. प्रत्येक थर भाजून झाल्याशिवाय पुढचा ओतायचा नाही, कमीत कमी सात थर, आणि विस्तव वरून. यंदा मी म्हटलं, आंटी, विंदालूही खाईन. त्या म्हणाल्या, "आज करतां, पोर्वां यो." परवा म्हणजे परवाच. पोर्तुगीजांकडचा मूळ प्रकार म्हणजे वाइन आणि लसणीत मुरवलेलं मांस. नावातच दोन्ही आहेत, त्यातला 'आलू' बटाटा नव्हे, लसूण. गोव्यात वाइनची जागा माडाच्या सुरेच्या व्हिनेगरनं घेतली. हे मला ऐकून माहीत होतं. पण दोन दिवस मुरलेला तो लालभडक रस सान्नांबरोबर (तांदळाच्या इडलीसारख्या असतात त्या) खाल्ला आणि कळलं की व्हिनेगर इथे कसं आत शिरून बसतं, टोचत नाही. पहिल्याच दिवशी खाल्लं असतं तर मसाला वेगळा आणि आंबट वेगळं लागलं असतं, असं आंटी म्हणतात. मी डुकराचं मांस आयुष्यात पहिल्यांदा खाल्लं. घरी येऊन आईंना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "सान्नां मऊ जाल्लीं?"

तर मैत्रिणींनो, पत्ते नाहीत, महिने आहेत. हुर्राक हवं तर मार्च-एप्रिल, आळमी हवी तर जुलै आणि नशीब, हुमण हवं तर विसर्जनानंतर. तिकिटं त्या हिशेबानं काढा, राहायला आमचं घर आहे.

नानांचा सकाळीच फोन होता. बागेत मणी फुगायला लागलेत, तोडणी जवळ आली. त्या भट्टीवाल्या काकांसाठी ते साखर मोजायचं एक जुनं यंत्र पाठवतायत. काकांना मी फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले, आधी बोंडू पडूं देत, मगीर पळोवया.