नगरपरिषदेच्या हद्दीत दोडका लावताय?

कोकणातल्या शहरात राहता आणि शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर चार घरांनी मिळून भाजी लावावी असं मनात आलंय? उत्तम. आधी झेरॉक्सवाल्याशी ओळख वाढवा. आमच्या गावाचं नाव सांगत नाही, आमचा अर्ज अजून टेबलावर आहे.

जमीन निवडताना जपा. जिथे चिऱ्यांचे तुकडे, संडासाची फुटकी भांडी आणि डोक्याएवढी रानमोडी माजली आहे, ती जमीन पूर्ण कायदेशीर असते. वर्षानुवर्षं अख्खं शहर तिथे राडारोडा ओततं, कुणाला नोटीस येत नाही. तुम्ही तो उपसलात, गडगा रचलात, शेणखत घातलंत की १९६६ चा नगररचना अधिनियम जागा होतो.

प्लॉट 'उद्यान' म्हणून राखीव असेल तर हुरळू नका. उद्यान म्हणजे पेव्हर ब्लॉक, फायबरचा डॉल्फिन आणि शहराच्या नावाआधी लाल बदाम. लाल माठ त्यात बसत नाही.

ओल्या कचऱ्याचं खत घरीच करा, असं घंटागाडीचा भोंगा रोज सांगतो. ऐकू नका.

खाडी जवळ असेल तर साहेब 'सीआरझेड' (किनाऱ्यालगतच्या बांधकामांवर निर्बंध घालणारे नियम) एवढंच म्हणून चष्मा काढतील. तुम्ही २०१९ ची अधिसूचना छापून नेऊ नका. विकास-निषिद्ध पट्ट्यातसुद्धा शेती, बागायत, बगीचे चालतात असं तिच्यात लिहिलंय, आणि ते साहेबांना तुमच्याकडून कळलं तर फाइल आणखी खाली जाते.

आंबा लावू नका. उद्या तोडायचा झाला तर १९७५ चा झाडांचा कायदा आहे. बिल्डरच्या आड येत असेल तर गोष्ट वेगळी.

आणि मांडव? मांडव अजिबात घालू नका. पडवळ, दोडका, कारलं, सगळ्यांना जमिनीवर लोळायची सवय लावा. आम्ही शहाणे, आम्ही बांबू रोवून सुंभ ताणले. गणपती तोंडावर आले आणि नोटीस आली: विनापरवाना तात्पुरते बांधकाम, कलम ५५. मालकीचा पुरावा आणा, मोजणी नकाशा आणा, वास्तुविशारदाचा आराखडा आणा. पडवळाच्या मांडवाचा आराखडा! चारी बाजूंची सामासिक अंतरं, म्हणजे मोकळी सोडायची जागा, दाखवून! मी विचारलं, पडवळ खाली लोंबतं ते उंचीत धरायचं का? 'विचारून सांगतो' म्हणाले. खरंच म्हणाले. विचारून आले ते ट्रॅक्टर घेऊनच. सरळ वाढावीत म्हणून टोकाला दगड बांधलेली पडवळं दगडासकट ट्रॉलीत फेकली. ऋषिपंचमीच्या भाजीसाठी राखली होती हो ती. बैलाच्या मेहनतीचं चालत नाही म्हणून बँकेतून निवृत्त झालेल्या माणसांनी कुदळीनं जमीन खणली होती. आणि त्याच नाक्यावर, तसल्याच बांबूंवर, दादांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स मे महिन्यापासून उभा आहे. त्याची सामासिक अंतरं कुणी मोजली? अर्धा फूटपाथ त्याच्या चौकटीत गेलाय, शाळेची पोरं रस्त्यावरून चालतात, आणि आमचा मांडव पाडायला निघालेला ट्रॅक्टर त्याला वळसा घालून आला!

असो. भाजी हवीच असेल तर मंडईत जा. घाटावरून येते, दोन दिवसांचीच शिळी असते. जुलै २०२१ मध्ये दरडी कोसळून आंबा घाट बंद झाला होता, तसं काही झालं तर बटाटे आहेतच.

जाऊ दे, आता सरळच विचारतो. साहेब, आम्ही मागितलं काय? आरक्षण आहे तिथेच ठेवा, वर्षाच्या करारावर प्लॉट द्या, उद्यानाला पैसे आले की कुंपण काढून घेतो. हे लिहून दिलंय, आवक क्रमांकासकट. उत्तर द्यायला तुम्हाला सवड नाही, पण राज्य सरकारच्या 'माझी वसुंधरा' अभियानाचे गुण मिळवायचे होते तेव्हा फोटो काढायला तुमचीच माणसं आली होती. आमच्याच अळवाचे फोटो! ते पाठवताना ही शेती विनापरवाना आहे हे कुणाला दिसलं नाही? दोन्ही कागदांवर सही एकाच हाताची. थोडी तरी लाज बाळगा.

आणि सोसायटीतले तुम्ही. डास होतात म्हणून निनावी तक्रार तुमच्यातूनच गेली. श्रावणात अळूची जुडी न्यायला मात्र पिशवी घेऊन तुम्हीच पुढे. मांडव पाडताना गच्चीवरून शूटिंग केलंत, खाली एकही जण उतरला नाही. सह्यांचा कागद जिन्यात लावलाय, पेन सुतळीनं बांधलंय. त्यावर अजून आमच्याच घरच्यांच्या सह्या आहेत. उतरा आणि सही करा. आणि या वेळी नावासकट.