झोपला होतात की काय?

रविवार, सकाळचे सहा. दारात तिसऱ्या मजल्यावरचे काका उभे. पायात बूट, हातात गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा कागद.

"झोपला होतात की काय?"

माझ्या गालावर अभ्र्याची नक्षी उमटलेली. तरी विचारतात!

"रविवार आहे, काका."

"सूर्याला सुट्टी असते का?"

"पावसाळ्यात असते की."

ऐकतील तर काका कसले. "लवकर निजे, लवकर उठे..." सुरू. ज्ञान, आरोग्य, संपत्ती. आरोग्याचं म्हणाल तर डायबिटीस आहे, आणि संपत्तीचं सोसायटीच्या नोटीसबोर्डावर मेंटेनन्सच्या थकबाकीत दिसतं. ज्ञान दारात उभंच होतं.

मग माझीही सटकली. म्हटलं, मेंदूत एक घड्याळ असतं, ते प्रत्येकाचं थोडं पुढेमागे चालतं, आणि त्यात अनुवंशाचाही हात असतो. हॉर्न आणि ऑस्टबर्ग यांनी १९७६ मध्ये १९ प्रश्नांची प्रश्नावली काढली, सकाळचा माणूस कोण आणि रात्रीचा कोण ते ओळखायला. त्यात नापास कुणीच होत नाही.

"आमच्या वेळी नव्हतं असलं काही."

"१९३८ सालची गोष्ट सांगतो. क्लाइटमन नावाचे संशोधक आणि त्यांचा सहकारी रिचर्डसन केंटकीतल्या मॅमथ गुहेत ३२ दिवस राहिले. ऊन नाही, वारा नाही. २८ तासांचा दिवस अंगवळणी पडतो का, ते बघायला. तरुण रिचर्डसनला जमलं. क्लाइटमनना शेवटपर्यंत नाही."

काका गंभीर झाले. "गुहेत पाणी किती वाजता यायचं?"

खरं सांगतो, इतका मुद्द्याचा प्रश्न मला सुचला नसता. शरीराचं घड्याळ उजेडावर लागतं म्हणतात. आमच्या बिल्डिंगीत ते नळावर लागतं.

"बरं, रात्री साडेबाराला मी तुमची बेल वाजवली तर?"

"अहो, काहीतरीच काय! तेव्हा माणसं झोपलेली असतात."

मी सही केली. न वाचता. गच्ची गळली तर गळू दे.

पण डोक्यातून जाईना. पहाटे उठणारा तो सद्गुणी आणि रात्री दोनपर्यंत काम करणारा तो ऐदी, हे कुणी ठरवलं? माझं एक वेळ सोडा, मुलगी नववीत आहे. वयात येताना हे घड्याळ मागे पडतं, म्हणजे झोपच उशिरा येते. त्यावर ढीगभर संशोधन झालंय. आपल्या सरकारने २०२४ मध्ये फर्मान काढलं की शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नका. कुणाची? चौथीपर्यंतची! ज्यांची झोप खरोखर सरकते, त्यांच्यासाठी सातची घंटा तशीच.

पोरगी पहिल्या तासाला पेंगली. डायरीत शेरा आलाय: 'वर्गात लक्ष नाही. पालकांनी भेटावे. वेळ: सकाळी ७.'